जहाजावरचा लाल आकडा

रविवारी निमोण्याला जाऊन आलो. अल्ताफच्या घरी एक बातमी सांगायची होती... आणि ती फोनवर सांगवत नव्हती.

अल्ताफ माझा शाळेपासूनचा दोस्त. मालवाहू जहाजावर खलाशी होता. काही वर्षांपूर्वी लाकडाचे ओंडके भरलेल्या कप्प्यात, जहाजाच्या पोटात उतरला... आणि वर आलाच नाही. बंद जागेत ओलं लाकूड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वास नाही, धूर नाही, माणसाला काही कळतच नाही.

मोजमाप होत होतं. ऑक्सिजन कमी झालाय हे वरच्या स्क्रीनवर दिसतही होतं... पण ढीगभर आकड्यांच्या गर्दीत, तेवढ्याच बारीक अक्षरात, त्याच पांढऱ्या रंगात. ड्युटीवरच्या माणसाची नजर तिथं गेलीच नाही.

मी पुण्यात मशिनांच्या स्क्रीन डिझाइन करतो. अल्ताफ गेल्यावर जहाजांचं काम मागून घेतलं. आता आमची स्क्रीन कप्प्याच्या दाराशीच असते, तिच्यावर एकच मोठा आकडा. हवा धोक्याची झाली की अख्खी स्क्रीन लाल... आणि 'आत जाऊ नका'. एवढंच.

मागच्या आठवड्यात एका कॅप्टनचा मेल आला. दोन पोरं आत उतरायच्या बेतात होती... लाल बघून मागं फिरली.

हे ऐकून अल्ताफचे वडील, हसनचाचा, म्हणाले, "आमच्या पोराच्या टायमाला ह्ये नव्हतं, व्हय?"

मी 'नव्हतं' म्हणून मान हलवली.

चाची, अल्ताफच्या आई, चहा घेऊन दारातच थबकल्या होत्या. "कुणाची रं ती पोरं?"

"एक केरळचा, चाची. दुसरा फिलिपिन्सचा... लांबचा देश आहे."

"त्यांच्या आयांना कळलं का, पोरं वाचली म्हणून?"

"नाही. कोण सांगणार? तसं बघितलं तर काही घडलंच नाही ना..."

चाचींनी कप माझ्या हातात दिला. "नगंच कळाया," म्हणाल्या. "मला कळलं तेवढं बास हाय." आणि ओढणी तोंडाला लावून आत गेल्या.

परतताना न्हावऱ्याच्या पुढं गाडी बाजूला घेतली. जरा वेळ चालवताच येईना...

कुठंतरी दोन आया आज नेहमीसारख्याच पोरांच्या फोनची वाट बघत असतील. आणि फोन येईल.