मामाचा तांब्या

१९९८च्या मे महिन्यात, रत्नागिरीत, माझ्या मामाने पाण्याने भरलेला तांब्या माझ्या अंथरुणावर लवंडला. त्यानंतर सुट्टीभर तो वरचेवर लवंडत राहिला. त्याच्याइतका धांदरट माणूस अख्ख्या किनाऱ्यावर नाही, यावर त्याच्या तिन्ही मुलांचं एकमत होतं.

मामा मच्छीमार लाँचवर तांडेल होता. समुद्रावर खलाशी त्याच्या नजरेवर चालत. घरात मात्र त्याला उंबरठाही दिसत नसे. सदरा उलटा घालून तो बाजारात जाई. रेडिओवर हवामान सांगणाऱ्याशी तावातावाने भांडे, ‘आधी खिडकी उघडून बघ’ असं त्याला बजावी. आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, तांब्या हातात घेऊन, पडवीत ओळीने झोपलेल्या आम्हा मुलांमधून जाई. माझ्यापाशी आला की त्याचा पाय अडखळे.

मी तेव्हा दुसरीत होते आणि झोपेत अंथरूण ओलं करत असे. आईने ते मामा-मामींना सांगून ठेवलं होतं. मामेभावांना कळू नये, एवढीच माझी धडपड होती. डोळे उघडत तेव्हा गोधडी भिजलेली असे आणि वर मामा रिकामा तांब्या घेऊन उभा. नशिबाने वाचले, असं मला दर वेळी वाटे.

“अहो, आज कुणाला न्हाऊ घातलंत?” मामी आतून विचारी.

“पाय अडकला गो.”

“बाबांना झाकणाचा तांब्या आणूया,” थोरला मामेभाऊ म्हणे. सगळे खिदळत. मीसुद्धा.

सुट्टी संपत आली तेव्हा मामाने आम्हा सगळ्यांना लाँचने पूर्णगडला नेलं. लाटा उसळत होत्या. मामेभाऊ मळमळून डोळे मिटून बसले होते. मामा मधोमध उभा राहून किटलीतला चहा पेल्यांत ओतत होता, काठोकाठ. एक थेंब खाली पडला नाही.

“मामाचा हात हलत नाही,” मी मामीला म्हटलं.

“घरात हलतो गो,” मामी म्हणाली. “चहा पी.”

पुढच्या मे महिन्यात पहिल्याच सकाळी मामा तांब्या घेऊन आला. मी जागी होते. “मामा, आज नको,” मी हळूच म्हटलं. त्याने गोधडीला हात लावून पाहिला. मग अंगणात जाऊन भरलेला तांब्या अबोलीच्या झाडांना घातला.

मामेभावांना कुणी काही सांगितलं नाही. थोरला आजही मामाला चहा अर्धा कपच देतो. मामा तो पितो आणि पुन्हा अर्धा मागून घेतो.