तिसऱ्या मजल्यावरची पन्नास मिनिटं

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांना कुणी फारसं घाबरत नसे. सगळे टरकून असायचे ते शिपाई मावशींना. उंची पाचवीतल्या मुलीएवढी, डावा गुडघा कायमचा धरलेला, आणि आवाज मात्र असा की तळमजल्यावरून हाक आली तर तिसऱ्या मजल्यावर हातातला खडू मोडायचा. मुलं तोंडावर ‘मावशी’ म्हणायची आणि पाठीमागे ‘घंटाबाई’, कारण शाळेची घंटा त्यांच्याच ताब्यात होती. तिचा लाकडी हातोडा त्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी तेव्हा तिसरीला शिकवत होते, नोकरीचं दुसरंच वर्ष होतं, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना जरा दबूनच असायचे.

शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला होता आणि नाल्यापलीकडे रसायनांचा कारखाना. तिथे क्लोरीन तयार व्हायचा. पिण्याचं पाणी शुद्ध करायला वापरतात तोच. आडव्या, पोटफुग्या लोखंडी टाक्यांत तो दाबून भरायचे, एकेका टाकीत जवळजवळ एक टन. मावशींचे यजमान त्या भरण्याच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे.

मिस्त्री बोलके आणि मावशी चौकस. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मिस्त्रींना या वायूचा एक झोत लागला होता. दोन आठवडे माणूस खोकत होता, आणि खिशातली नाणी काळी पडली होती. तेव्हापासून मावशींनी त्यांचा पिच्छाच पुरवला. अमुक वाल्व कसा बंद होतो, गळती आहे हे कळतं कसं, तोंडाला मास्क कधी लावता, सगळं विचारून घ्यायचं. मधल्या सुट्टीत चहा पिताना त्या आम्हा शिक्षिकांना ते ऐकवायच्या आणि आम्ही हसायचो.

“हा वायू म्हणजे आळशी पाहुणा बघा,” त्या एकदा म्हणाल्या. “हवेपेक्षा अडीचपट जड. जिना चढायचा कंटाळा. तळमजल्यावरच हातपाय पसरतो, खड्डा दिसला की त्यात जाऊन लोळतो. आमचे हे म्हणतात, त्याच्यापुढे पळायचं नाही, त्याच्या वर जायचं.”

“मावशी, तुम्ही रसायनशास्त्र शिकवायला घ्या,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या होत्या.

“घेतलं असतं. पण मग घंटा कोण वाजवणार? तुम्ही?”

कारखान्याचा भोंगा दर सोमवारी दहा वाजता चाचणीसाठी वाजायचा. कारखान्याने एक सूचनापत्रकही पाठवलं होतं, ते मुख्याध्यापकांनी व्यवस्थित फायलीत लावून टाकलं होतं. त्यांचा स्वतःचा नियम साधा होता: काही झालं तर घंटा वाजवायची आणि मुलांना घरी सोडायचं.

त्या दिवशी गुरुवार होता. मधली सुट्टी संपून पाच-दहा मिनिटं झाली असतील. मी फळ्यावर भागाकार मांडत होते आणि भोंगा वाजला. सोमवारी तो एकदा वाजून थांबायचा. हा थांबेचना.

मी वर्गाबाहेर आले. खालच्या व्हरांड्यात मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. त्या कारखान्याकडे बघत नव्हत्या, कारखान्याच्या उंच टाकीवर वारा दाखवणारी कापडी पिशवी लावलेली होती तिच्याकडे बघत होत्या. पिशवी फुगून ताठ झाली होती आणि तिचं शेपूट सरळ आमच्या शाळेकडे होतं.

मुख्याध्यापक लगबगीने आले. “मावशी, घंटा द्या. मुलांना सोडा घरी.”

“नाही, सर.”

“नाही म्हणजे?”

“वारा आपल्याकडे आहे. फाटकाबाहेरचा रस्ता उताराचा, नाल्याच्या कडेने जातो. पोरं त्यात चालत जातील.” हे बोलता बोलता त्यांनी खुंटीवरचा हातोडा काढला आणि काखेत मारला. “सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर घ्या. ग्रंथालयात आणि चित्रकलेच्या वर्गात. आत्ता.”

“अहो, पण पालक मला काय म्हणतील? जबाबदारी माझी आहे!”

“पालकांना उत्तर द्यायला पोरं जिवंत तर असू देत.”

तेवढ्यात तो वास आला. फरशी पुसायच्या पावडरीचा असतो तसा, पण नाकात टाचणी टोचावी इतका तीव्र. सरांनी हात नाकाशी नेला, आणि पुढे काही न बोलता ते बालवाडीच्या वर्गाकडे पळाले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही काखांत एकेक मूल होतं.

मग मावशींनी तो आवाज लावला. “रांग करा! कठड्याला हात! जो ढकलेल त्याला मी बघून घेईन!” एरवी शिस्तीच्या नावाने बोंब असलेली दोनशेच्या वर मुलं अशी जिना चढली की मी बघत राहिले. एकही पडलं नाही, एकही रडलं नाही. वायूची भीती त्यांना अजून ठाऊक नव्हती. मावशींची होती.

वर आल्यावर खिडक्या लावल्या, पंखे बंद केले. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करून रुमाल आणि टेबलावरची कापडं भिजवली, दाराच्या फटीत कोंबली. मी हजेरी घेतली. माझ्या वर्गातली एक मुलगी नव्हती.

“ती मघाशी परवानगी मागून गेली होती,” तिच्या शेजारणीने सांगितलं. “स्वच्छतागृहात.”

स्वच्छतागृहं मागच्या अंगणात होती, नाल्याच्या बाजूला, चार पायऱ्या खाली. मी दाराकडे धावले तर मावशी आधीच तिथे होत्या. त्यांनी एक ओला टॉवेल तोंडाभोवती गुंडाळला, मला नुसत्या हाताने मागे सारलं आणि हातोडा माझ्या हातात दिला. “दार लावा. मी आले की तीनदा वाजवीन. तोवर उघडायचं नाही.”

त्या गेल्या. तो दुखरा गुडघा घेऊन तीन मजले.

मी मागच्या खिडकीच्या काचेला नाक लावलं. आणि तेव्हा मी तो पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं होतं धूर असेल, लोट असतील. तसं काहीच नव्हतं. भिंतीतल्या पावसाळी पाण्याच्या भोकांमधून पिवळट हिरवं काहीतरी निवांत आत येत होतं, भरतीचं पाणी वाळूवर येतं तसं. ते मैदानावर पसरलं. झोपाळ्याखालच्या खळग्यात साचलं. घसरगुंडीची पहिली पायरी बुडाली, थोड्या वेळाने दुसरी. वर ऊन पडलेलं होतं, आभाळ निळंशार होतं, आणि खाली हे हिरवं तळं आवाज न करता वाढत होतं. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर मी त्यानंतर काही पाहिलेलं नाही. लाज वाटते सांगायला, पण माझी नजर हटत नव्हती.

त्या तळ्यातून मावशी चालत आल्या. पळत नव्हत्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर बसलेली होती, दोन्ही पाय छातीवर, डोकं शक्य तितकं उंच. मुलीच्या चेहऱ्यावर मावशींचा टॉवेल होता. मावशींच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. हिरवं त्यांच्या कमरेपर्यंत होतं, कधी वाऱ्याने हेलकावून छातीपर्यंत. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे किलकिले केले होते.

दारावर तीन थापा पडल्या. मुलीला मी आत ओढलं. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि खोकू लागल्या. आम्ही त्यांचे डोळे पाण्याने धुतले, खांद्यावरची वासाने भरलेली शाल काढून टाकली. दम जरा परतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आता मोजा. सगळी आहेत?”

“सगळी आहेत.”

मग रस्त्यावर पालक दिसू लागले. मोटरसायकलींवर, सायकलींवर, काही धावत, सगळे थेट त्या उतारावर यायच्या बेतात. मुख्याध्यापकांनी कवायतीचा कर्णा उचलला, समोरची एकच खिडकी वीतभर उघडली आणि ओरडले, “मागे फिरा! मुलं सुखरूप आहेत! टेकडीकडे जा, टेकडीकडे!” चित्रकलेच्या बाईंनी मोठ्या कागदांवर ‘मागे’ असं लिहून काचांना लावलं. एक बाप ऐकेना. शिव्या देत फाटकापर्यंत आला, तिथे त्याला ठसका लागला, आणि तो तोंड दाबून परत फिरला. त्या दिवशी त्या माणसाने सरांना जे जे म्हटलं ते सगळं सरांनी कर्णा हातात धरून शांतपणे ऐकून घेतलं.

मी मावशींजवळ बसले. न राहवून विचारलं, “मिस्त्री कामावर आहेत ना आज?”

“पहिल्या पाळीला.” एवढंच बोलून त्या बालवाडीतल्या एका मुलाच्या बुटाची नाडी बांधू लागल्या. नाडी तीनदा सुटली.

पन्नास मिनिटांनी भोंगा थांबला. वारा फिरला होता आणि वायू विरळ होत गेला. अंगावर रबरी पोशाख घातलेले अग्निशामक दलाचे लोक जिना चढून आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, कपाळावर मास्कच्या पट्ट्यांचे वळ घेऊन, मिस्त्री.

काय झालं ते त्यांच्याकडूनच कळलं. भरलेल्या टाकीला जोडलेली तांब्याची नळी तडकली होती आणि टाकीचा वाल्व अडकून बसला होता. हा वाल्व टाकीच्या खालच्या अंगाला होता, त्यामुळे वायूऐवजी द्रवच बाहेर सांडत होता, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटर वायू होतो. कुणीतरी पाण्याचा पाइप घेऊन धावला. त्याला मिस्त्रींनी अडवलं, कारण पाण्याने तिथलं लोखंड आणखी खाल्लं जातं आणि गळती वाढते. मास्क लावून चौघांनी ती टाकी लोटत अर्धी फिरवली, गळणारा वाल्व वर आणला. द्रव थांबला, नुसता वायू राहिला. मग झाकण बसवून तोही बंद केला. मात्र एक ट्रकचालक वाऱ्याच्या दिशेने, नाल्याच्या रस्त्याने पळाला होता. तो वाचला नाही.

हे सांगता सांगता मिस्त्रींचं लक्ष बायकोच्या डोळ्यांकडे गेलं आणि ते थांबले. “तू खाली गेली होतीस?”

“बरी आहे मी आता. खोकलाही थांबलाय.”

“अगं, तेच तर वाईट! आत्ता बरं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत फुप्फुसात पाणी भरतं. ऊठ. नाही, उठू नकोस, चालायचंही नाही.” त्या बुटक्या बाईला त्यांनी आणि एका जवानाने खुर्चीसकट उचललं. मुलीला आणि तोवर धावत पोचलेल्या तिच्या आईलाही त्याच रुग्णवाहिकेत घातलं.

मिस्त्रींचं म्हणणं खरं ठरलं. सूर्य मावळायच्या आत मावशींचे ओठ निळे पडले होते. मुलगी दोन दिवसांत घरी गेली. मावशी एकोणीस दिवस रुग्णालयात राहिल्या, त्यातले पहिले सहा दिवस श्वासाच्या यंत्रावर. सातव्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा तो आवाज उरला नव्हता. फुंकर घालावी तसं त्या बोलत होत्या.

चौकशी अधिकारी तिथेच आले. मुख्याध्यापकही होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, “मुलांना वर नेण्याचा निर्णय कुणाचा?” सर उभे राहिले. “यांचा. मी घरी सोडायला सांगितलं होतं. तसं लिहा, माझ्या नावानिशी.” मला त्या क्षणी त्या माणसाचाही आदर वाटला.

अधिकाऱ्यांनी जबाब लिहून मावशींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“हे ‘धाडस’ खोडा.”

“का हो? तेच तर आहे.”

“मला भीती वाटत होती. तो काय करतो ते मला ठाऊक होतं, म्हणून भीती वाटत होती, म्हणून वर नेलं.” त्यांना दम लागला. त्या थांबल्या, श्वास घेतला. “भीती वाटली असं लिहा. पुढच्या वेळी कुणी वाचलं तर त्यालाही वाटू दे.”

अधिकाऱ्यांनी पेन काढलं, तो शब्द खोडला, आणि वर दुसरा लिहिला. मावशींनी पुन्हा वाचून पाहिलं. मग सही केली, आणि मला म्हणाल्या, “जरा उशी नीट करा हो, बाई. आडवं होते.”