धडक नियमात होती

नियम मोडणारी माणसं जगात चिक्कार आहेत, नियम पाळणारीही अधूनमधून भेटतात. पण नियमांवर जीव लावणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मुंबईत बँकेत होते. कर्जाच्या अर्जावरची सही चुकीच्या रकान्यात पडली तर ती हुडकून काढणाऱ्या खात्यात. बँकेनं त्यांना तीन वर्षांसाठी तोक्योला धाडलं आणि जपान बघून या गृहस्थांना माहेरी आल्यासारखं वाटलं. पुढे त्यांनी इथलीच नोकरी धरली आणि तोक्योच्या कडेला, ग्योतोकुला कायमचे राहिले. आम्ही त्याच रेल्वे लाइनवर चार स्टेशनं अलीकडे, निशी-कसाईला. कचरा वेगळा करण्याची पुस्तिका बाकीचे लोक फ्रिजवर चिकटवतात आणि विसरतात. साडूभाऊंनी ती पाठ केली. लोणच्याची बरणी कुठल्या दिवशी टाकायची आणि तिचं झाकण कुठल्या दिवशी, हे विचारायला त्यांच्या इमारतीतले जपानी आजोबा त्यांच्याकडे यायचे. आमच्याकडे जेवायला आले की हात धुवायच्या आधी ते आमच्या कचऱ्याच्या पिशवीत डोकावणार, त्यातून वेगळं टाकायचं राहिलेलं दुधाचं एक खोकं बाहेर काढणार आणि माझ्याकडे नुसतं बघणार. रागावले असते तर बरं होतं, मला उलट बोलता आलं असतं.

अशा माणसाच्या मुलानं, निनादनं, हॉकी धरली. आणि तीही आपली मैदानावरची नव्हे, बर्फावरची. शाळेच्या सहलीत पोरगा एकदा रिंकवर गेला तो तिथलाच झाला. बापानं जन्मात कधी हातात काठी धरलेली नव्हती. एकदा मुलाच्या हट्टापायी साडूभाऊ स्केट्स बांधून बर्फावर उतरले, दोन पावलं गेले आणि पुढचा अर्धा तास कठड्याला मिठी मारून उभे राहिले. पण खेळाचं नियमपुस्तक मात्र त्यांनी मूळ जपानीतून, शब्दकोश मांडीवर घेऊन, ट्रेनमध्ये जाता-येता वर्षभरात संपवलं. जागोजागी रंगीत चिठ्ठ्या लावल्या. लहान मुलांच्या सामन्यांत अंगानं धडक द्यायला बंदी असते. निनाद विद्यापीठाच्या संघात गेला तशी ती बंदी उठली, आणि त्या दिवसापासून साडूभाऊंना बोलायला दुसरा विषय उरला नाही.

विषय असा. मैदानाच्या मधोमध, कडेच्या फळ्यांपासून लांब, एखादा खेळाडू ती काळी रबरी चकती घेऊन सुसाट चाललाय. समोरून दुसरा येतो आणि खांद्यानं त्याला असा काही उडवतो की काठी एकीकडे, माणूस दुसरीकडे. हे चालतं का? साडूभाऊ म्हणत, चालतं. चकती त्याच्याकडे हवी, धडक खांद्यानं हवी, समोरून हवी, डोक्याला लागता कामा नये, उडी मारायची नाही, उशीर करायचा नाही. एवढं सांभाळलं की झालं. ताई म्हणजे माझी मेहुणी; तिचं म्हणणं, रस्त्यावर असं केलं तर पोलीस नेतील आणि बर्फावर केलं तर टाळ्या, हा कुठला न्याय? बेसावध माणसाला आडवं करण्यात कसला आलाय पराक्रम? यावर साडूभाऊंचं उत्तर ठरलेलं. "बेसावध राहा असं नियमात कुठे लिहिलंय? मान वर ठेवायची." निनादला ते डब्याबरोबर हेच वाक्य बांधून द्यायचे.

मला हा फरक कळत नाही असं एकदा त्यांच्या लक्षात आलं आणि जेवण झाल्यावर त्यांनी मला लिफ्टसमोरच्या सज्जात उभं केलं. माझ्या हातात चकती म्हणून चहाची बशी. मग ते लांबून चालत आले, कोपर पोटाशी घट्ट धरून, आणि माझ्या छातीला अगदी हळुवार खांदा लावला. ही कायदेशीर. मग कोपर जरा वर. ही बेकायदेशीर. मग मागून. हे तर महापाप. आम्ही चौथ्या प्रकारात असताना लिफ्टमधून शेजारच्या बाई बाहेर आल्या. पन्नाशीचे दोन भारतीय पुरुष एकमेकांना छाती लावून उभे आहेत आणि एकाच्या हातात बशी आहे, हे बघून त्यांनी आमची दोघांची माफी मागितली आणि परत लिफ्टमध्ये शिरल्या.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी निनादचा सामना होता. रिंकच्या बाकावर ताई, मी आणि मध्ये माकडटोपी घालून, थर्मास मांडीत धरून साडूभाऊ. निनादला मधोमध एक पास आला, जरासा मागे. तो घ्यायला पोरानं मान खाली घातली. अर्धा क्षण असेल. समोरच्या संघाचा अकरा नंबर आला आणि आवाज झाला. निनाद उताणा पडला, त्याची काठी कुठल्या कुठे घसरत गेली. पंचानं शिट्टी वाजवली, पण ती शिक्षेची नव्हती, खेळ थांबवायची होती. पोरगा हलेना.

ताई केव्हाच पायऱ्या उतरून धावत सुटली होती. साडूभाऊ उभे राहिले, मला वाटलं आता तेही पळणार. पण ते जागचे हलले नाहीत. माझं मनगट धरून पुटपुटत होते, "खांदा. छाती. समोरून. पाय बर्फावर." संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मला इतका संताप आला त्यांचा! पोटचं पोर तिथे पडलंय आणि हा माणूस कलमं मोजतोय. मग निनादनं एक पाय उचलला, थोड्या वेळानं उठून बसला आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर आला. "नियमात होती," साडूभाऊ मला म्हणाले आणि खाली बसले. थर्मासचं झाकण उघडायला गेले, ते त्यांच्यानं उघडेना. शेवटी मी उघडून दिलं.

दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले. ते येईपर्यंतच्या तासाभरात साडूभाऊंनी फॉर्मवर सही केली, ती चुकीच्या रकान्यात पडली. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, डोकं स्वच्छ आहे, फासळ्यांना मुका मार आहे, दोन आठवडे आराम. ताई डॉक्टरांसमोरच रडली आणि मग हसली. मी हुश्श करून बाहेरच्या मशीनमधून सगळ्यांसाठी गरम कॉफीचे तीन डबे आणले आणि तिथेच उभ्या उभ्या तिन्ही स्वतःच पिऊन टाकले. बरं वाटलं की माणूस काय करेल सांगता येत नाही.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. सकाळी अकराला आम्ही निनादला बघायला गेलो होतो तेव्हा बेल वाजली. दारात अकरा नंबर, काळ्या सुटात, आणि शेजारी त्याची आई, हातात मिठाईचा खोका. इथली ही रीतच आहे. चूक असो वा नसो, आपल्यामुळे कुणाला त्रास झाला की खोका घेऊन दारात यायचं आणि वाकायचं. समोरच्यानं खोका घेतला की माफी पोचली. हे इथल्या लहान पोरांनाही कळतं, आणि साडूभाऊंना तर वीस वर्षं झालेली.

पण त्यांनी तो दोन्ही हातांनी, अत्यंत अदबीनं, परत केला. म्हणाले, हा मी घेऊ शकत नाही. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या आणखी खाली वाकल्या आणि मुलगा तर चपला काढायच्या जागेत गुडघ्यांवरच बसला. आता साडूभाऊही गडबडले. आत जाऊन चिठ्ठ्या लावलेलं नियमपुस्तक घेऊन आले आणि पान काढून कलमामागून कलम वाचायला लागले. हेतू असा की तू निर्दोष आहेस, बाळा. पण कल्पना करा, माफी नाकारून समोरचा माणूस नियम वाचून दाखवतोय! त्या मायलेकरांना ते आरोपपत्रच वाटलं असणार. मुलगा जमिनीकडे बघत जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, मी हॉकी सोडतो.

"अहो, घ्या तो खोका," ताई मराठीत म्हणाली.

"कसा घेऊ? घेतला तर यानं गुन्हा केला असं होईल. धडक नियमात होती."

"होती ना? मग काल दवाखान्यात सही चुकीच्या रकान्यात कशी पडली तुमची?"

साडूभाऊंनी पुस्तक मिटलं, बाजूला ठेवलं आणि त्या मुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. मग साध्या, पोरांच्या जपानीत म्हणाले, "तू काही चुकीचं केलं नाहीस. पण काल मी फार घाबरलो होतो."

"मीपण," त्याची आई म्हणाली. "तुमचा मुलगा उठेपर्यंत."

त्यावर तो दांडगा मुलगा हुंदके देऊन रडायला लागला. तोही घाबरला होता, निनाद उठला का हे मान वर करून बघायचं धाडस झालं नव्हतं म्हणाला. तेवढ्यात निनाद फासळ्या धरून बाहेर आला आणि त्याला जपानीत म्हणाला, मान मीच खाली घातली होती. तू सोडलंस तर पुढच्या महिन्यात मी कुणाला उडवू? मग सगळे हसले, निनाद हसता हसता कळवळला, साडूभाऊंनी खोका घेतला आणि ताईनं त्या बाईंच्या पिशवीत चिवड्याचा डबा कोंबला. मला तर घरी जाऊन झोपावंसं वाटलं, इतकं हलकं वाटत होतं. निघताना साडूभाऊ लिफ्टपर्यंत आले. बटण दाबून म्हणाले, "नियमात बसतं, एवढ्यावर माझं भागत होतं हो इतके दिवस."

सामन्यांना अजून जातो आम्ही. निनादचं विद्यापीठातलं हे शेवटचं वर्ष. पुढे नोकरीच्या गावी रिंक असेल-नसेल. साडूभाऊ नियम विसरलेले नाहीत, पंच चुकला तर अजून आठवडाभर जेवण गोड लागत नाही त्यांना. मात्र मधोमध कुणी कुणावर चालून जाताना दिसलं की ते डोळे मिटून घेतात. धडक कशी बसली, खांद्यानं की कोपरानं, काही विचारत नाहीत. आवाज झाला की तेवढंच विचारतात, "उठला का?" पडलेला कुठल्या संघाचा, तेही विचारत नाहीत. परवा समोरच्या संघातल्या एकाला उठायला जरा वेळ लागला. साडूभाऊ तसेच बसून राहिले, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"उठला," मी म्हटलं, तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास त्या थंडीत मला दिसला.