दुकानाच्या कागदावर आईची सही

मैत्रिणींनो, आज आईला घेऊन कर सल्लागारांकडे गेले होते. बाबांना जाऊन दोन महिने झाले, तरी आमच्या चादरींच्या दुकानाची जीएसटी नोंदणी त्यांच्याच नावावर होती. गेलेल्या माणसाच्या नावाने रोज बिल द्यावं लागत होतं.

सल्लागार म्हणाले, “नुसतं नाव बदलून चालत नाही, वारसाच्या नावाने नवी नोंदणी लागते. दुकानाचं नाव तेच राहील. मालक म्हणून कुणाचं नाव घालू?”

“हिचं घाला की,” आई म्हणाली. “शिकल्याली हाय. मला काय कळतंय त्यातलं?”

मला शाळेआधी अक्षरं शिकवली ती आईनेच, त्याच दुकानात, गिऱ्हाईक सांभाळत.

“आईचंच घाला,” मी म्हणाले.

सही करताना ती थांबली. “ह्यांची जागा घेतल्यागत वाटतंय गं.”

“आई, तू तिथंच होतीस की.”

तिने सावकाश सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला. “नीट आलीया न्हवं?”

लहानपणी पाटी दाखवून मी तिला हेच विचारायचे.

तुमच्या घरच्या दुकानाच्या कागदांवर आईचं नाव कुठे आहे का?