तूरडाळीचं कपाळ

आमच्या कॉलनीत युवक मंडळ आहे. त्याचे अध्यक्ष एक्केचाळीस वर्षांचे आहेत. आमच्याकडे तारुण्य वयावर नव्हे, फ्लेक्सवर ठरतं, त्यामुळे याबद्दल कोणी काही बोलत नाही. मीही बोलले नसते. मंडळ गणपती बसवतं, रक्तदान करवतं, दहावीच्या मुलांना पेन वाटतं, आणि मला त्याचा त्रास होतो तो फक्त स्पीकरचा. पण मागच्या मार्चमध्ये मंडळाने धान्य गोळा केलं आणि त्यात मी त्यांना मदत केली. ती मदत मला अजून पचलेली नाही.

आधी अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का सत्तरीच्या, मूळच्या धरणगावकडच्या. जळगावच्या एका दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्यांत रोज खिचडी शिजवायला लागल्या. पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं. त्याच्याबरोबर जामनेरहून, चोपड्याहून आलेली बायको, आई, भाऊ हे पेशंट नसतात, त्यामुळे त्यांची भूक कुठल्याच रजिस्टरात बसत नाही. नोकरीत असताना अक्कांनी या माणसांना पेशंटच्या ताटातलं उरलेलं खाताना पाहिलं होतं. खिचडीचं कारण विचारलं की त्या एवढंच सांगत आणि पातेल्याकडे वळत. साडेपाचला चूल पेटायची, सातला वाढप. साठ-सत्तर माणसं आपापली ताटली घेऊन यायची. अकरा वर्षांत एकही संध्याकाळ चुकली नव्हती. सख्खी बहीण गेली त्या दिवशीसुद्धा अक्का खिचडी उतरवून मग बसस्टँडवर गेल्या.

हे चालायचं मुठीवर. कॉलनीतल्या शंभरेक घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक डबा असे. रोजचे तांदूळ-डाळ मोजून घेताना बाई त्यातली एक मूठ त्या डब्यात टाकी. गुरुवारी अक्का दोन कापडी पिशव्या घेऊन फिरत, तांदूळ एका पिशवीत, डाळ दुसरीत, आणि डबे रिकामे करून नेत. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, एवढं कशाला फिरता, मी आणि दोन-चार मैत्रिणी मिळून महिन्याचं पोतं भरून देऊ. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक घरनं खादं म्हंजे उपकार व्हस. शंभर घरनं खादं तं कोनाच नही."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांमध्ये बसणाऱ्या बाईला शब्द येत असणार, असा कॉलनीचा समज आहे. लग्नपत्रिका, श्रद्धांजल्या, महापालिकेला द्यायची निवेदनं माझ्याकडे येतात. तसे एका रविवारी अध्यक्ष चार मुलामुलींना घेऊन आले. 'धान्य संकलन महाअभियान' करायचं होतं. 'महा' का, असं मी विचारलं. नुसत्या अभियानाला पेपरवाले येत नाहीत, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बरोबरची मुलं मात्र खरंच उत्साहात होती. एकीने विचारलं की धान्य कोणाला द्यावं. मी अक्कांचं नाव सुचवलं, आणि एका वसतिगृहाचं. पत्रक मी लिहून दिलं. चांगलं लिहिलं होतं, ते नाकारत नाही. घरातल्या मुठीच्या डब्याचा त्यात उल्लेख होता, आणि 'तोच डबा या वेळी मुलांच्या हाती द्या' असंही वाक्य होतं. ते वाक्य माझं.

नंतर मी अक्कांकडे गेले आणि म्हणाले, या महिन्यात तुम्ही फिरू नका. तुमचा गुडघा दुखतोय. मुलं सगळं आयतं आणून टाकतील, दोन रविवारांत, सोमवारी तुमच्या दारात.

"पोरे कितला दिन येतीन वं माय?" त्यांनी विचारलं.

मी हसून विषय बदलला. माणूस म्हातारा झाला की शंकेखोर होतो, असं मला वाटलं.

दोन रविवार हातगाडी फिरली. पहिला डबा माझ्या घरचा रिकामा झाला आणि त्याचा व्हिडिओ निघाला. लोकांनी देताना जे दिलं त्यात माणसाचा स्वभाव दिसत होता. कोणी रेशनचे घरात न चालणारे तांदूळ दिले, कोणी दोन वर्षांपूर्वीचे पोहे. एका घराने मात्र गावाकडून आलेल्या नव्या दादर ज्वारीचं अख्खं पोतं काढून दिलं, आणि नाव लिहू नका म्हणून सांगितलं, तर मुलं नाराज झाली. मुठीचे डबे तर सगळ्यांनीच उपडे केले. पत्रकात तसं लिहिलं होतं ना.

सोमवारी अक्कांच्या दारात काही आलं नाही. मंगळवारीही नाही. धान्य समाजमंदिरात कुलपात होतं. मी फोन केला तेव्हा अध्यक्ष म्हणाले की साहेबांचा वाढदिवस पुढच्या बुधवारी आहे, त्यांच्या हस्ते हस्तांतरण सोहळा ठेवलाय. साहेब कोण ते सांगायचं कारण नाही. तुमच्या गावातल्या फ्लेक्सवर ज्यांचा चेहरा सगळ्यात मोठा असतो ते. मी म्हटलं, बुधवारला आठ दिवस आहेत, अक्कांकडे तांदूळ चार दिवसांचे आहेत. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, अक्कांचा सत्कारपण घेतलाय आपण."

अक्का दोन गुरुवार फिरल्या नव्हत्या, माझ्या सांगण्यावरून. आता फिरून उपयोगही नव्हता, डबे रिकामे होते. मी घरातले तांदूळ नेऊन दिले, मग दुकानातून तांदळाचा एक कट्टा नेला. अक्कांनी घेतला, पण पिशवीत ओतला नाही, वेगळा ठेवला.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी समाजमंदिराचं दार उघडं दिसलं म्हणून आत गेले. धुळ्याहून एक कलाकार आले होते. जमिनीवर कागद पसरून त्यावर चौकटी आखलेल्या होत्या आणि मुलं पोती उसवून धान्य निवडत होती. मला वाटलं, वाटपासाठी. ती रंगाप्रमाणे निवडत होती. शाळेच्या मैदानावर तीस फूट लांब, वीस फूट रुंद साहेबांचा चेहरा साकारायचा होता, अस्सल धान्यात, आणि ड्रोनने त्याचा फोटो घ्यायचा होता. शर्टाला तांदूळ. केसांना काळे उडीद, आणि प्रत्यक्षात जेवढे केस आहेत त्याच्या मानाने उडीद फारच लागणार होते. गालांना मसूर, कपाळाला तूरडाळ. कपाळ मोठं असल्याने कॉलनीतली जवळजवळ सगळी तूरडाळ तिथेच जाणार होती. मागची चौकट रंगीत हवी म्हणून दोन पोती तांदूळ रांगोळीच्या रंगात घोळून ठेवलेले होते. नवी दादर कुठल्याच अवयवाला जुळेना, म्हणून तिचा काठ करायचं ठरलं होतं.

मी अध्यक्षांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, दोन पोती आत्ता द्या. एक तांदूळ, एक डाळ. मी रिक्षाने नेते. बाकीच्याचं तुम्ही काय हवं ते करा, हत्ती काढा.

त्यांनी कलाकाराला विचारलं. कलाकाराने कागदावर बोट फिरवून हिशेब केला आणि मान हलवली. अध्यक्ष परत आले. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती. "मॅडम, आता काढलं तर साहेबांचा गाल कमी पडेल."

माझ्या आयुष्यात मी अनेक नकार ऐकले आहेत, बरेचसे सरकारी. इतका नेमका नकार ऐकला नव्हता. ग्रंथालयातल्या बाईला शब्द येतात हा समज तेव्हाच खोटा ठरला.

बुधवारी अक्कांकडे डाळ होती, तांदूळ संपले होते, मी दिलेला कट्टाही. अध्यक्षांनी त्यांना निरोप पाठवला होता की चार वाजता मैदानावर या, तिथेच तांदूळ देतो, रिक्षाही मंडळाची. चारला घेतलं तर साडेपाचला चूल पेटते, असा अक्कांनी हिशेब केला आणि दोन्ही पिशव्या घेऊन आल्या. मीही गेले.

मैदानावर चेहरा तयार होता. मार्चचं ऊन आणि वारा. मिशीचे उडीद वाऱ्याने ओठावर येत होते आणि एक मुलगा सुपाच्या टोकाने त्यांना वर सरकवत होता. पारवे उतरत होते. त्यांना हाकलायला चार मुलींची नेमणूक होती, त्या पंचे फिरवत चेहऱ्याभोवती पळत होत्या. त्या धान्याचा सरळ उपयोग त्या दिवशी फक्त पारव्यांनी केला. कलाकार आणि त्यांचे मदतनीस चपला घालून साहेबांच्या गळ्यावरून ये-जा करत होते.

अक्कांना पिशव्यांसह व्यासपीठावर नेऊन पहिल्या खुर्चीवर बसवलं. पाच वाजले. साहेब एका लग्नात होते. सव्वापाचला अक्का उठल्या, तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्याने माइकवरून त्यांना बसायची विनंती केली आणि टाळ्या घेतल्या. साडेपाचला त्या पुन्हा उठल्या. एका कार्यकर्त्याने खांद्यावर हात ठेवून बसवलं, प्रेमाने. "माले जाऊ दे भाऊ," त्या म्हणाल्या, "चूल पेटाडनी शे." तो म्हणाला, अक्का, तुमच्याशिवाय कार्यक्रम कसा होईल?

मी व्यासपीठाच्या मागे जाऊन अध्यक्षांना गाठलं. दहा मिनिटं, साहेब फाट्यावर आलेत, असं ते म्हणाले. फाटा कुठला ते त्यांनाही माहीत नसावं. मग मी जे केलं ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. मी ओढणीचा ओचा केला, साहेबांच्या कॉलरपाशी उकिडवी बसले आणि तांदूळ भरायला लागले. दोन ओंजळी भरल्या असतील. पंचावाली मुलगी धावत आली. माझ्याकडे पत्रक घ्यायला आलेलीच ती. रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, नका ना. ड्रोन वर आहे."

मी वर पाहिलं. खरंच होता. मी ओचा सोडला, तांदूळ कॉलरवर पडले आणि मी मैदानाबाहेर पडले. याची मला लाज वाटते. तांदूळ उचलल्याची नाही, परत टाकल्याची.

सातला मी अक्कांच्या गल्लीत होते. कुलूप लावलेल्या दारासमोर माणसं बसली होती, ताटल्या मांडीवर. जामनेरकडची एक बाई होती, तिचा नवरा आठ दिवस दवाखान्यात होता आणि त्या आठ दिवसांत तिचं गरम जेवण म्हणजे हे एवढंच. तिने विचारलं की अक्कांना बरं नाही का. मी म्हटलं, बरं आहे, त्यांचा सत्कार चाललाय. कशाबद्दल, असं तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, तुम्हाला जेवू घालतात त्याबद्दल.

तिने रिकामी ताटली पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली.

जळगावात उपाशी माणसाला द्यायला केळी तरी मिळतात, एवढं आमच्या जिल्ह्याचं पुण्य. कोपऱ्यावरची हातगाडी मी सगळी उचलली, बिस्किटांचे पुडे घेतले आणि वाटले. माणसांनी केळी घेतली, नमस्कार केला. अकरा वर्षांत एकदाही न चुकलेली संध्याकाळ मी केळ्यांनी बुजवत होते आणि ते लोक माझे आभार मानत होते. अक्का आल्या तेव्हा आठ वाजून गेले होते. खांद्यावर शाल, हातात नारळ, पिशव्या रिकाम्या. ओट्यावरची सालं पाहून त्यांनी विचारलं, सगळ्यांना पुरली का. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. अध्यक्ष, फोटोग्राफर आणि अकरा पोती. मी तिथेच होते. एक पोतं उघडलं. साहेबांना खराट्याने झाडून भरलेलं होतं. तूर, मसूर, उडीद, तांदूळ सगळं एकत्र, त्यात माती, खडे, गुलाबी-निळे दाणे आणि पारव्यांची विष्ठा. अध्यक्ष म्हणाले, थोडं निवडावं लागेल. अक्कांनी एक मूठ हातात घेतली, बोटाने पसरली, बोट निळं झालं ते पाहिलं आणि मूठ परत पोत्यात टाकली.

"हाऊ तुमना साहेब शे, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "मनी चूलवर साहेब शिजत नही."

फोटोग्राफरला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. पोती परत टेम्पोत चढली. ती एका गोशाळेला दिल्याची बातमी फोटोसकट आली, आधीच्या बातमीच्या दोन दिवसांनी. निळे दाणे वेगळे काढले असतील अशी मी गाईंच्या वतीने आशा करते. आधीच्या बातमीत ड्रोनचा फोटो होता. चेहरा चांगला आला होता. कॉलरपाशी जराशी विस्कटलेली जागा दिसत होती.

तो गुरुवार होता. टेम्पो गेल्यावर अक्कांनी पिशव्या उचलल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत निघाल्या. मी बरोबर गेले. पहिल्याच दारात बाई म्हणाली, दिलं ना अक्का मंडळाला, डबा उपडा करून दिला. दुसऱ्या दारात मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कोणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांनी दिलं होतं, दिल्याचं समाधानही मिळालं होतं, आणि ते वर्षभर पुरण्यासारखं होतं. मी प्रत्येक दारात समजावून सांगायला लागले की ते धान्य इथे आलंच नाही, त्याचं काय झालं, माझं पत्रक कसं चुकलं. चौथ्या दारानंतर अक्कांनी मला थांबवलं.

"बठ्ठं समजाडू नको," त्या म्हणाल्या. "फक्त दे म्हन."

त्या दिवशी दोन्ही पिशव्या मिळून एक भरली नाही. खिचडी पातळ झाली, पण सातला वाढली. जामनेरची बाई आली नव्हती. तिच्या नवऱ्याला सकाळी घरी सोडलं, असं कोणी सांगितलं.

आता निम्म्या घरांत डबे पुन्हा भरतात. निम्म्या घरांत सवय गेली ती गेली. डाळीची पिशवी मी उचलते, दर गुरुवारी, कॉलेज सुटल्यावर. अध्यक्षांचं घर आमच्या वाटेवरच आहे. ते हात जोडून म्हणतात, मॅडम, आपण मंडळातर्फे दिलंय ना. मी 'द्या' म्हणते आणि दुसरं काही बोलत नाही. चपला काढून उंबऱ्याशी उभी राहते, म्हणजे मी लवकर जाणार नाही हे त्यांना कळतं. मग ते आत जातात आणि मूठ भरून आणतात.