बुऱ्हाणपूरला सायकलीचा पोळा

डायनामोच्या एका दिव्यापायी मी ऐन पोळ्याच्या तोंडावर बुऱ्हाणपूर गाठलं. बायको म्हणाली, "दिव्यासाठी कुणी राज्य ओलांडतं का?" पण त्याचं असं आहे. संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने एकसारख्या दोन सायकली घेतल्या. आजोबांची आमच्याकडे नाशिकला आली. घंटी, चेनकव्हर, कॅरिअर, मडगार्डवरचा पितळी पक्षी, सगळं शाबूत. फक्त दिवा आणि डायनामो गायब! दुसरी सायकल त्या भावाच्या लेकीकडे, म्हणजे माझ्या शांताआत्याकडे. फोनवर ती एवढंच म्हणाली, "तू ये तर खरं."

नाशिकरोडहून थेट गाड्या आहेत, सणाचं आरक्षण मात्र आधी करा. स्टेशनवर रिक्षाचा भाव ठरवूनच बसा. वाटेत मावा जिलेबी खाल्ली. एका जिलेबीत जेवण होतं.

आत्याच्या अंगणात पाय ठेवला आणि मी उडालोच. ती सायकलीच्या हँडलला चक्क हळद-तूप चोळत होती!

"अगं आत्या, मूळचं निकेल आहे ते!"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची करतात ती खांदेमळणी करून राहिली," ती शांतपणे म्हणाली. "आपल्याकडे ना शेत, ना बैल. घर ओढलं ते हिनंच." मग घंटीपाशी वाकून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

हँडल पुसायला काढलेला रुमाल मी परत खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तर कहर. मडगार्डला गेरू, दिव्याला बाशिंग, सीटवर झूल, कॅरिअरला घुंगरू. हँडलला पुरणपोळीचा घास! आत्याचा मुलगा दिनेश त्या थाटात सायकलीवर बसून बैलांच्या रांगेतून मारुतीला निघाला. कुणी हसलंसुद्धा नाही.

"भैया, असं काय बघून राहिले?" तो परतल्यावर म्हणाला. "शाळेत शिकवायला रोज हिच्यावरच तर जातो मी."

जेवणं झाल्यावर मी धीर करून दिवा मागितला.

"तुझी सायकल कुठं असते?" आत्याने विचारलं.

"हॉलमध्ये, भिंतीवर टांगलीये. वरून पिवळा फोकस. लोक फोटो काढतात!"

आत्याचा चेहराच उतरला. "टांगली? अरे देवा! चांगली धडधाकट असून?"

दिवसभर मी चकित होत होतो. आता ती माझ्याकडे तशी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं दिनेशला पाना आणायला लावला, दिवा आणि डायनामो सोडवून माझ्या हातात ठेवले. "दिनेश बॅटरीचा दिवा लावून घेईल. पण हा चाक फिरल्याबिगर पेटत नाही, लक्षात ठेव."

घरी आल्यावर मी दिवा भिंतीवरच्या सायकलीला बसवला. फोकस लावला, फोटो काढला. हुबेहूब जोडी जमली होती. तरी दिवा विझलेलाच. शेवटी वैतागून सायकल खाली उतरवली, ट्यूब बदलल्या आणि संध्याकाळी गल्लीत चक्कर मारली. आधी मिणमिण, मग लख्ख!

"अगं बाई, पेटला की!" बायको दारातून ओरडली.

भिंतीवर आता नुसते खिळे आहेत. दिव्याच्या निकेलवर हळदीचा डाग आहे. एरवी डाग दिसला की घासत बसणारा मी, तो पुसलेला नाही.