उभ्या गाडीची धाव

आमच्या मावशीच्या यजमानांइतका इंजिनांशी अदबीने आणि माणसांशी तिरसटपणे वागणारा गृहस्थ अख्ख्या बऱ्हाणपुरात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कापसातली सरकी काढायच्या जिनात ते इंजिनाचे फिटर होते, पण गावात त्यांची ख्याती वैद्याची. बिघडलेल्या इंजिनाला ते पहिल्या दिवशी हातच लावत नसत. रबरी नळीचं एक टोक इंजिनावर, दुसरं कानात, आणि डोळे मिटलेले. मालक बोलायला लागला की डोळे न उघडता म्हणायचे, "तुमचं नंतर. पहिले त्याला बोलू द्या." एका गिरणीवाल्याने फार घाई केली तेव्हा त्याला त्यांनी आधी चूळ भरून यायला सांगितलं. का, ते त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मावशीने आमटी कशी झाली विचारलं तर "ठीक" एवढंच उत्तर मिळे, पण तिचं शिवणाचं मशीन जरा कुरकुरलं की काका भरल्या पानावरून उठत. देवधर्म त्यांनी मावशीकडे सोपवला होता. स्वतः एकच व्रत पाळायचे, इंजिनाबद्दल खोटं बोलायचं नाही. "गाडी उत्तम आहे, चालवणारा गाढव आहे," असं एका नामांकित वकिलाला त्याच्याच अंगणात सांगून ते चहा न घेता परत आले होते. चहा कोणी विचारला होता, हा प्रश्न वेगळा.

संस्थानं विलीन होत होती ती वर्षं. राजेलोकांच्या घरचं सामान बाजारात येत होतं आणि ज्याला जे परवडेल ते तो उचलत होता. गावातल्या एका कापसाच्या सेठजींनी माळव्यातल्या कुठल्याशा चिमुकल्या संस्थानची दोन माणसांची हिरवी शर्यतीची मोटार घेतली. तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हरही आला. पन्नाशीचा, ताठ, प्रत्येक वाक्यात 'हुजूर' घालणारा. सिंधीपुऱ्यात खोली घेऊन त्याने बायकोला आणि म्हाताऱ्या आईला आणलं. गाडीला खोड एकच होती. ती जागेवर उभी असली तरी इंजिन धावत्या गाडीसारखं गरजायचं. पेट्रोल तेव्हा कुपनांवर मिळे आणि ही गाडी ते ताकासारखं पीत होती. सेठजींना वेगळाच संशय आला. गाडी काकांच्या दारात उभी करून, ड्रायव्हरच्या तोंडावरच ते म्हणाले, "मिस्तरी, इंजिनातच खराबी असेल तर तसं बोला. नसेल तर हा माणूस माझं पेट्रोल बाहेर विकून राहिला. अन् यानंच काही करून ठेवलं असेल तर बिस्तर बांधून रवाना." ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहिला.

मी तेव्हा तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि मावशीकडेच राहत होतो. सुट्टी होती, म्हणून फुकटचा तमाशा बघायला बाहेर आलो. पहिला दिवस अर्थातच नळीत गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी वेग वाढवायच्या पायाखालच्या पट्टीचा दांडा सोडवला. गर्जना तशीच. म्हणजे पट्टी अडकत नव्हती. मग कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडलेला असतो त्या सांध्याभोवती बोटाने तेल फिरवलं. हवा चोरून आत शिरत असेल तर तेल ओढलं जाऊन आवाज बदलतो. आवाज बदलला नाही. शेवटी त्यांनी वेग कमीजास्त करायचा स्क्रू पूर्ण सैल केला, तरी इंजिन आपलं गरजतच. "याची झडप मिटतच नाही," काका म्हणाले, आणि मावशीचा फणेरपेटीतला आरसा मागवून ते खालून बघू लागले. कार्बोरेटरमधली जी झडप पाय उचलल्यावर मिटायला हवी, तिच्या आड नखाएवढा पितळी तुकडा डाख देऊन पक्का बसवलेला होता. काकांनी आरसा ड्रायव्हरसमोर धरला.

"माझंच काम, हुजूर," तो म्हणाला. "दसऱ्याच्या सवारीत, ऐन वेशीत, सरकार बसलेले अन् गाडी बंद पडली. बँड वाजून राहिला अन् गाडी मुकी. लोक बोलले, अपशकुन झाला. सरकार उतरून घोड्यावर बसले. दुसऱ्या दिवशी मी हा तुकडा लावला, झडप मिटायलाच नको म्हणून. मग कधीच बंद नाही पडली जी. राज गेलं, पण गाडी बंद नाही पडली."

"मग आता तरी काढायचा!"

"हिंमत नाही होत, हुजूर."

काकांनी त्याला गाढव म्हटलं, दोनदा. मग कानशीने तो तुकडा घासून काढला. त्यानंतर जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं. झडपेची चांगली धडधाकट स्प्रिंग त्यांनी सोडवली, दोन पकडींत धरून ओढून ओढून पार लुळी केली आणि जिनातून आणलेली दुसरी तिच्या जागी लावली. संध्याकाळी सेठजी आले तेव्हा ती लुळी स्प्रिंग त्यांच्या हातावर ठेवली.

"ही थकली होती."

"म्हणजे ड्रायव्हरचा काही..."

"माणसांचं मला काय विचारता? दोष इंजिनाचा होता."

काकांचे कान लाल झाले होते. मला मात्र त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या सकाळी गाडीची परीक्षा घ्यायला काका आणि ड्रायव्हर इच्छापूरच्या रस्त्याने निघाले. मी मागे दुमडलेल्या कापडी टपावर कसाबसा टेकलो. तिथल्या देवीची टेकडी दिसू लागली तशी ड्रायव्हरने केळीच्या बागेशेजारी गाडी थांबवली आणि पाय उचलला. गर्जना विरली. पानांची सळसळ ऐकू येऊ लागली. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला आणि बॉनेटसमोर हात जोडून उभा राहिला. "बंद पडली, हुजूर."

काका सावकाश उतरले. आयुष्यात कुणाला हात लावून बोलायची त्यांना सवय नव्हती. पण त्यांनी ते जोडलेले हात सोडवले, त्यातला एक बारीक थरथरणाऱ्या बॉनेटवर ठेवला आणि वरून आपला तळहात दाबून धरला.

"चालू आहे," काका म्हणाले. "बघ. चालू आहे."

बराच वेळ ते दोघे तसेच उभे होते, आणि मी मागे बसून उगाच केळीच्या घडांकडे बघत राहिलो.